श्रीमंतासारखं चालायची तालीम

मी एका खऱ्याखुऱ्या श्रीमंत माणसाला, श्रीमंत माणूस कसा चालतो ते शिकवलं आहे. एकदा नव्हे, चार वेळा. चौथ्या वेळीही त्याला ते जमलं नाही, तेव्हा "राहू द्या, तुमच्याच्यानं होणार नाही," असं मी त्याच्या तोंडावर सांगितलं. हाच माणूस आमच्या नाट्यसंस्थेला इमारत बांधून देणार होता, हे लक्षात घेता मी जरा घाई केली असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. (तिचे मूळ शब्द वेगळे होते. ते इथं छापता येणार नाहीत.)

आमच्या संस्थेचं नाव 'रंगबावडी'. बावीस वर्षांची संस्था, पण राहायला तीन ठिकाणी. तालमी गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. म्हणजे लग्नतिथी असली की आमचं नाटक बंद! तरी एकदा मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आम्ही शोकांतिकेची तालीम रेटली. मागं आचारी जिलब्या तळत होता. आमची नायिका मरता मरता उठली, एक जिलबी खाऊन आली आणि पुन्हा मेली. कपडेपट शहागंजात, सलीमभाईंच्या रजयांच्या दुकानाच्या माळ्यावर. सलीमभाई आमचे रंगभूषाकार. आणि नेपथ्य, म्हणजे सिंहासन, देवळाची कमान, विहिरीचा काठ, फाशीचा खांब वगैरे संसार सिडकोत, माझ्या घराच्या मागच्या खोलीत.

प्रयोग असला की तीन ठिकाणांहून तीन टेम्पो निघायचे आणि तिन्ही एकाच वेळी पोचल्याचं मला आठवत नाही. एका प्रयोगाला राजा पोचला, सिंहासन पोचलं, पण राजाची सुरवार शहागंजातल्या मिरवणुकीत अडकली. पहिला अंकभर महाराज सिंहासनावरून उठलेच नाहीत. मांडीवर शाल घेऊन त्यांनी राज्य केलं.

हे सगळं एका छपराखाली यावं, तालमीचा हॉल, कपडेपट, नेपथ्याचं गोदाम आणि छोटासा रंगमंच, हे आमचं जुनं स्वप्न. शहरातल्याच सातारा परिसरात एका दिवंगत सभासदाच्या घरच्यांनी दिलेला प्लॉटही होता. त्यावर दोन बाभळी आणि 'नियोजित वास्तू' असा एक बोर्ड. बोर्डाचा रंग दोनदा उडाला, दोनदा आम्ही तो नव्यानं दिला. बांधकामाची प्रगती म्हणाल तर एवढीच.

हे असंच चाललं असतं, पण अण्णांचा गुडघा आडवा आला. अण्णा म्हणजे माझे सासरे. वैजापूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, चाळीस वर्षं मापाडी होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडं राहायला आले. डॉक्टरांनी जिना बंद केला. आमच्या निजायच्या खोल्या वर. खाली एक हॉल आणि ती मागची खोली. त्यामुळं अण्णांची कॉट हॉलमध्ये, टीव्ही आणि चपलांचा स्टँड यांच्या मधोमध. दूधवाला येवो, शेजारीण येवो, अण्णा आपले उठून बसायचे आणि नमस्कार करायचे. दुपारी डोळा लागला तरी झोपेत हात जोडलेले.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, शाळेत गणित शिकवते. तिनं गणित मांडलं. "मागच्या खोलीत कोण राहतं?"

"म्हणजे? नेपथ्य."

"राजा राहतो. राजाला खोली, आणि माझे वडील चपलांपाशी. दिवाळीपर्यंत खोली रिकामी झाली नाही तर मी भंगारवाल्याला बोलवीन."

मी हसलो. मग कळलं की तो येऊन गेलाही होता. सिंहासनावर टिचकी मारून तो म्हणाला होता, "प्लायवूड है बाई, किलो पे जाएगा." ज्या सिंहासनापुढं आम्ही बावीस वर्षं मुजरे केले, ते किलोवर! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (रात्री गेलं.)

तेव्हा दाता शोधणं आलं. माझ्या पाटबंधारे खात्यातल्या एका सहकाऱ्यानं नाव सुचवलं: बिडकीनचे नामदेवराव गाडेकर. त्यांची जमीन औद्योगिक पट्ट्यात गेली, मोबदला आला, त्यातून ट्रक आले, ट्रकांतून आणखी ट्रक आले. गावच्या शाळेला दोन खोल्याही त्यांनीच बांधून दिलेल्या. मी फोन केला. पलीकडून शांत आवाज आला, "येतो की. रविवारी पाचला येतो. बघू काय हाय ते." माणूस पाहिलेला नव्हता. फोनवर त्यांच्या नावापुढं फोटो होता तो एका बैलाचा.

आता इतर कुणीही काय केलं असतं? घर झाडलं असतं, पोहे केले असते आणि पाच वाजायची वाट पाहिली असती. पण आम्ही नाटकवाले! तालीम केल्याशिवाय आम्ही कुणाच्या बारशालाही जात नाही. मी एका रात्रीत 'देणगी' नावाची एकांकिका लिहिली. पात्रं: दाता, कलावंत (मी), कलावंताची सोशिक पत्नी, आणि आजारी वृद्ध. दाता घरात येतो. नेपथ्याच्या पसाऱ्यात कॉटवर वृद्ध दिसतो. वृद्ध खोकतो. पत्नी कान तुटलेल्या कपात चहा आणते. कलावंत खिडकीबाहेर बघत म्हणतो, "कलेसाठी घर दिलं, शेटजी. आता आणखी काय देऊ?" दाता विरघळतो.

"माझ्या घरात कान तुटलेला कप नाही," सोशिक पत्नी म्हणाली.

"तोडू आपण एक."

"हात लावून बघा."

शेवटी सलीमभाईंनी कपडेपटातून एक कप आणला. अण्णांना मात्र भूमिका पसंत पडली. फक्त त्यांनी शंका काढली, "जावईबापू, मोडलाय माझा गुडघा. खोकू कशापायी?"

"गुडघा ऐकू येत नाही, अण्णा."

रविवारी सकाळी अकराला रंगीत तालीम ठरली. प्रश्न दात्याच्या भूमिकेचा होता. आमचे नेहमीचे म्हातारे मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेले. सलीमभाई म्हणाले, "टेन्शन नक्को लेव मियाँ. सोयगाव का एक आदमी है, भागवत. जत्रा के नाटकों में सरपंच करता. एकदम कडक! अकरा बजे भेज देता मैं." या भागवतलाही मी पाहिलेलं नव्हतं; सलीमभाईंचीही ओळख फक्त फोनवरची. म्हणजे दोन माणसं येणार, एक अकराला आणि एक पाचला, आणि दोन्ही मला अनोळखी.

त्यातही निभावलं असतं. पण रंगबावडीचा एकच नियम असा आहे जो बावीस वर्षांत मोडलेला नाही. तालमीआधी सगळ्यांनी फोन बंद करून शिरस्त्राणात टाकायचे. (पुठ्ठ्याचं आहे, पण मान मोठा.) नियम मीच केलेला. पावणेअकराला माझा फोन बंद होऊन शिरस्त्राणात पडला, आणि पुढच्या पाचच मिनिटांत त्यावर निरोप आला, तो मी दुपारी वाचला: 'लग्नासाठी शहरातच आलोय. पाचपर्यंत थांबणं होत नाही. आत्ताच येऊ का? नामदेव गाडेकर.'

बरोबर अकराला दार वाजलं. दारात साठीचा एक काटकुळा माणूस. पायजमा, चुरगळलेला सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी. त्यानं चपला काढल्या, स्टँडवर नीट जोडून ठेवल्या आणि हात जोडले.

"राम राम. मी नामदेव गाडेकर, बिडकीनचा."

मी टाळीच वाजवली. "व्वा! पात्रात शिरूनच आलात!"

तो गोंधळला. "पाचला यायचं व्हतं. पर इकडं लगीन व्हतं, म्हनलं आत्ताच..."

"सुंदर! पण हे संहितेत नाही. मनाचं नंतर घालू. आधी प्रवेश घेऊ. हे बघा, हा जो गाडेकर आहे ना, तो मालदार माणूस आहे. तो चपला काढून स्टँडवर लावेल का?"

"मंग कुठं लावंल?"

"लावणारच नाही! तसाच आत येईल, चपला वाजवत. जा, बाहेर जाऊन परत या."

तो बिचारा बाहेर गेला. दार वाजलं, तो आत आला, आणि दोन पावलांवर थबकला. "वैनींनी नुकतंच पुसून काढलंय वाटतं," म्हणत त्यानं पुन्हा चपला काढल्या.

"कट!" मी ओरडलो.

दुसऱ्यांदा तो चपलांसह आला, पण चोरासारखा. तिसऱ्यांदा मी त्याला पोट पुढं काढायला सांगितलं. त्याला पोटच नव्हतं. सलीमभाईंनी सदऱ्याखाली उशी बांधली, बोटांत पुठ्ठ्याच्या अंगठ्या घातल्या, गळ्यात सोनेरी रंगाची साखळी, आणि मिशीला पीळ देत ते म्हणाले, "हौ, अब जरा पैसेवाला दिखरा."

"पैशेवाल्याला हे सगळं लागतं व्हय?" माणसानं कुतूहलानं विचारलं.

कॉटवरून अण्णा मघापासून त्याच्या पायांकडं, हातांकडं बघत होते. ते म्हणाले, "जावईबापू, म्या चाळीस वर्सं मोंढ्यात मानसं बघितली. हे पाव्हनं..."

"अण्णा, तुमचा खोकला तिसऱ्या पानावर आहे. तोवर एक शब्द नाही."

अण्णांनी हात जोडले.

"आता बघा," मी माणसाकडं वळलो, "लोक तुमच्याकडं काहीतरी मागणार आहेत, हे तुम्हाला दारातच कळलंय. अशा वेळी श्रीमंत माणूस कसा बघतो?"

तो म्हणाला, "खाली बघतो. सगळ्यांला हां म्हनता येत नाय, अन् कुनाला नाय म्हनवत नाय. मंग जमिनीकडं बघतो."

"अजिबात पटत नाही! श्रीमंत माणूस छताकडं बघतो. तुम्ही कधी जवळून पाहिलाय का श्रीमंत माणूस?"

"तसं... दाढी करताना," तो म्हणाला. हे मला त्या क्षणी नुसतं निरर्थक वाटलं.

पुढचं सांगताना आजही माझे कान तापतात. मी त्याला खुर्चीत बसवून आमचा सगळा डाव समजावून सांगितला. कुठं अण्णा खोकतील, कुठं कप येईल, कुठं माझा आवाज दाटेल, सगळं. "आणि एवढ्यानंही नाही विरघळला," मी म्हणालो, "तर हुकमी एक्का! आईचं नाव. दारावर मोठ्या अक्षरात आईचं नाव टाकू म्हणायचं. जमिनीचा पैसा आलेला माणूस, त्याला नाटकातलं काय कळणार? आईच्या नावाला हमखास पाघळतो."

"कोन्त्या रंगात?" त्यानं हळूच विचारलं.

"काय?"

"आईचं नाव."

"सोनेरी. पण ते तुमचं वाक्य नाही. चला, चौथ्यांदा!"

चौथा प्रवेश पहिल्या तिन्हींहून वाईट झाला. उशी घसरून गुडघ्यावर आली. माझा संयम सुटला. "राहू द्या! तुमच्याच्यानं होणार नाही. श्रीमंती चेहऱ्यावर असावी लागते."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. "अहो, त्यांना पाणी तरी द्या," ती म्हणाली, आणि तिनं चांगल्या पेल्यातून पाणी आणलं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. फाटकात पांढरी मोटार. उतरला तो पांढरा सफारी, काळा गॉगल, दहा बोटांत सहा अंगठ्या, आणि पोट असं की आधी पोट आत आलं, मग माणूस. बूट वाजवत तो थेट हॉलच्या मध्यावर आला आणि त्यानं छताकडं पाहिलं.

शेटजी पाच तास आधी!

"शेटजी! या, या!" मी संध्याकाळसाठी आणलेला हार त्यांच्या गळ्यात घातला. सलीमभाईंना खूण केली, आणि 'भागवत'च्या कानाशी पुटपुटलो, "तुम्ही पटकन मागच्या खोलीत जा, खरा माणूस आला!" मग मी सगळी एकांकिका एकट्यानं सुरू केली. "कलेसाठी घर दिलं, शेटजी..." माझा आवाज खरोखरच दाटला. अण्णांनी दिलेला शब्द पाळला आणि असे खोकले, की सुनंदा धावत आली.

पांढऱ्या सफारीनं गॉगल काढला. डोळे पुसले. हात वर करून तो गरजला, "बास! आमाला बघवत नाय! दिली! अख्खी इमारत दिली! वर घुमट बी दिला!"

मी त्यांच्या पायांवर पडलो. हे लाक्षणिक नाही, मी खरोखर आडवा झालो, कपाळ त्यांच्या बुटांना लागलं. डोळ्यांपुढं माझं सिंहासन वाचलेलं दिसत होतं, अण्णांची कॉट मागच्या खोलीत सरकलेली दिसत होती, आणि मी ढसाढसा रडत होतो.

वरून आवाज आला, "सर, एंट्री ठीक झाली ना? घुमटाचं मी मनाचं घातलं. अन् मेव्हण्याची गाडी दोन वाजता परत द्यायची हाय, तर आटपतं घ्या."

मी तसाच पडून राहिलो. उठण्यात काही अर्थ नव्हता. बुटांच्या पलीकडं, मागच्या खोलीच्या दारात, मला पुन्हा चपला काढून ठेवलेले दोन अनवाणी पाय दिसत होते. टाचांना भेगा पडलेले, शेतातले पाय.

"मला तेच सांगायचं व्हतं," अण्णा कॉटवरून म्हणाले. "पर माझं वाक्य तिसऱ्या पानावर."

मी मान वर केली. नामदेवराव गाडेकर पुठ्ठ्याच्या अंगठ्या एकेक करून काढत होते आणि सलीमभाईंच्या हातावर ठेवत होते. सलीमभाई "या अल्ला, या अल्ला" करत त्या मोजून घेत होते.

"काढू का उशी?" गाडेकरांनी मला विचारलं. "का पाचव्यांदा येऊ?"

बोलली ती सुनंदा. तिनं तो तुटका कप केराच्या डब्यात टाकला आणि म्हणाली, "दादा, हे सगळं नाटक होतं. खोकलाही खोटा. खरं एवढंच आहे, की माझ्या वडिलांना या घरात दार लावून झोपायला जागा नाही. कारण त्या खोलीत यांचं सिंहासन आहे, आणि ते फेकलं तर हा माणूस जगणार नाही."

एवढ्या वर्षांत ती माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी बोलली नव्हती. मला पुन्हा रडू आलं. रंगमंचाबाहेरच्या रडण्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

गाडेकर मागच्या खोलीत गेले. कमान पाहिली, विहीर पाहिली, फाशीच्या खांबाला हात लावून पाहिला. मग सिंहासनावर बसले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, ओळखीच्या घरी ओट्यावर बसावं तसे. बराच वेळ बसले.

"सर," ते म्हणाले, "जमिनीचा पैसा आला तवापासून मला कुनी 'चुकलं' म्हनलं नाय. काय बी बोला, समोरचा म्हनतो, व्हय शेट. घरात बी तेच. तुमी आज चार डाव मागं धाडलं. लई बरं वाटलं बघा."

"मी माफी..."

"माफी ऱ्हाऊ द्या. इमारत बांधू. पर एक अट हाय."

"आईचं नाव सोनेरी अक्षरात!" मी घाईघाईनं म्हणालो.

"ते तर हायच. आईला नाटकाचा लई नाद व्हता, तुमाला ठाव नव्हतं. अट दुसरी. नव्या नाटकात मला काम पायजे. श्रीमंताचं. आज जमलं नाय, ते मनाला लागलं."

माझ्या ओठांवर आलं होतं, की अहो पण तुम्ही श्रीमंत वाटतच नाही! सुनंदानं माझ्या पायावर पाय दिला. गणिताची शिक्षिका, नेम अचूक.

बांधकाम सुरू झालं. पहिल्यांदा उभी राहिली ती नेपथ्याची शेड, कारण सुनंदानं गाडेकरांना परस्पर फोन करून तसा क्रम लावून घेतला. दिवाळीच्या चार दिवस आधी माझी मागची खोली रिकामी झाली. सिंहासन मात्र गेलं नाही. ते अण्णांनी ठेवून घेतलं. त्याची उंची गुडघ्याला सोयीची पडते म्हणे. हल्ली अण्णा दार लावून सिंहासनावर बसतात आणि कुणालाही नमस्कार करत नाहीत. प्रयोग असला की मलाच त्यांची परवानगी काढून ते न्यावं लागतं.

नवं नाटक बसलं. जमीनदार: नामदेवराव गाडेकर. त्यांच्यापुढं अंकभर हात जोडून उभा राहणारा कारकून: मी, कारण देणगीदारापुढं वाक्य विसरायची जोखीम दुसरं कुणीही घ्यायला तयार नव्हतं. प्रयोगात त्यांनी दारातच चपला काढल्या आणि नीट जोडून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी इथल्या एका पेपरात परीक्षण आलं: 'जमीनदार श्रीमंत वाटत नाही.'

मी उडालोच. "बघ! मी म्हणत होतो! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो! आत्ता फोन करून सांगतो त्यांना!"

"हॉलचा स्लॅब पडू दे आधी," सुनंदा चहा गाळत म्हणाली.

फोन ठेवला. पुढची ओळ वाचली आणि छाती भरून आली. तीही मी तिला मोठ्यानं वाचून दाखवली: 'मात्र कारकुनाची लाचारी इतकी सहज आहे, की तो अभिनय वाटतच नाही.' "बघितलंस? बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या अभिनयाबद्दल लिहिलं!"

सुनंदानं पेपर हातात घेतला, चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली आणि पेपर मला परत दिला.

"नीट वाचा," ती म्हणाली. "अभिनय नाही, असंच लिहिलंय."